विशालकोनाची व्याख्या

त्या घराला दार एकच होतं आणि ते वर्गात उघडायचं. खालच्या मजल्यावर मोठ्या सरांचा गणिताचा क्लास, वर्गाच्या मागच्या भिंतीला लागून जिना आणि जिन्याच्या वर कुटुंब. दूध आणायला जायचं असो की केस कापायला, बाकांच्या दोन रांगांमधून, दप्तरं ओलांडत, मोठ्या सरांच्या टेबलासमोरूनच जावं लागे. मोठे सर फळ्याकडे तोंड करून उभे असले तरी त्यांच्या पाठीला डोळे होते. "कुठे?" असं ते मान न वळवता विचारत, आणि जाणाऱ्याला ते अख्ख्या वर्गादेखत सांगावं लागे. जावयाची दाढ दुखते आहे ही बातमी दंतवैद्याच्या आधी सहावीच्या मुलांना कळलेली असे.

या जावयाला मुलं 'जावईसर' म्हणत. नाव चेष्टेतून पडलं होतं, पण चिकटलं ते चिकटलंच. पुढे पालकही तोंडावर तसंच म्हणू लागले. लग्न झालं तेव्हा तो इमारतींचे आराखडे काढून देणाऱ्या एका कार्यालयात नोकरीला होता. वर्ष उलटायच्या आत ते कार्यालय बंद पडलं. तेव्हा मोठे सर म्हणाले होते, "दुसरं काही मिळेपर्यंत वर राहा. खोल्या रिकाम्याच आहेत. आणि रिकामे बसण्यापेक्षा जरा पेपर तपासा." बोट दिलं की मनगट धरतात म्हणतात, इथे तर त्याने स्वतःच दोन्ही हात पुढे केले होते. पेपर तपासता तपासता हजेरी आली, हजेरीपाठोपाठ फळा पुसणं आलं, आणि एके दिवशी पाहतो तर तो क्लासच्या पाटीखालून रोज झाडू मारत होता आणि त्याला त्यात काही वावगंही वाटत नव्हतं.

फळा मात्र मोठ्या सरांचा. त्यावर दुसऱ्या कोणाचा खडू चालत नसे. भूमितीचा तास असला की मोठे सर कोन काढत आणि जावईसर फळ्यावरचा तो भलाथोरला लाकडी कोनमापक दोन्ही हातांनी धरून उभा राही. मोठे सर चहाला वर गेले की शेवटची काही मिनिटं उजळणीची, तेवढी त्याची. बाकी जावई म्हणजे दहावा ग्रह वगैरे जे बोललं जातं ते दुसऱ्यांच्या घरी. या ग्रहाची कक्षा टेबलापासून जिन्यापर्यंत.

मोठ्या सरांबद्दल वाईट बोलण्याची मात्र कोणाची टाप नव्हती, आणि खरं सांगायचं तर कारणही नव्हतं. औषधाच्या दुकानातला फार्मासिस्ट, बसचा कंडक्टर, दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई, सगळे त्यांच्याच बाकांवर बसून मोठे झालेले. ताप असो की घरात पाहुणे असोत, त्यांनी तास बुडवला नाही. जावयाशी ते 'अहो-जाहो' करूनच बोलत. फक्त त्या 'अहो'मध्ये असं काही वजन असे की त्यापेक्षा 'अरे' बरं वाटलं असतं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्याच्या तोंडून त्यांना 'बाबा' म्हणून हाक निघाली नव्हती. तोही 'सर'च म्हणे.

अशात त्याला फोन आला. परगावच्या एका तंत्रशाळेत त्याने अर्ज केला होता, घरात कोणाला न सांगता. मुलांना आराखडे काढायला शिकवायचं काम. राहायला आवारातच दोन खोल्या. महिनाअखेरपर्यंत कळवा, म्हणाले.

बायकोला त्याने ते संध्याकाळी गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला सांगितलं. ती दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायचं काम करी. नुकतीच घरी आली होती, अंगाला अजून औषधाचा वास येत होता.

"दोन खोल्या?" ती म्हणाली. "आणि दार?"

"दाराचं काय?"

"दार कुठे उघडतं?"

"रस्त्यावरच उघडत असेल. आणखी कुठे उघडणार?"

तिने डोळे मिटले. कोणी गार पाणी द्यावं तसा चेहरा झाला तिचा. रविवारी जेवणं झाली की बाबांना सांगायचं, असं दोघांचं ठरलं.

आणि शनिवारी सहावीला कोनांचे प्रकार होते.

हा तास म्हणजे मोठ्या सरांचा हातखंडा. दरवर्षी तेच विनोद, तीच लय, मुलं एका सुरात म्हणत आणि रस्त्यावरून जाणारे जुने विद्यार्थी नकळत त्यात सूर मिसळत. जावईसर कोनमापक धरून उभा होता, मन दोन खोल्यांत. मोठ्या सरांनी फळ्यावर एक चिंचोळा कोन काढला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "नव्वद अंशांपेक्षा लहान, तो विशालकोन. म्हणा."

मुलं म्हणाली.

"नव्वद अंशांपेक्षा मोठा, तो लघुकोन. म्हणा."

मुलं तेही म्हणाली. जिन्यावर पडद्याआड सासूबाई वाटाणे सोलत बसल्या होत्या. त्यांना खोकल्याची उबळ आली.

जावईसरला आधी वाटलं, ही सरांची युक्ती आहे. ते मधूनच मुद्दाम चूक करत आणि "पकडलं का कोणी?" म्हणून मिशीत हसत. तो त्या हसण्याची वाट पाहत राहिला. मोठे सर खोकल्यासरशी थबकले होते. फळ्याकडे पाहत होते. मग त्यांनी पुन्हा तेच म्हटलं आणि मुलांनी पुन्हा तेच गिरवलं.

पहिल्या बाकावर एक मुलगी बसत असे. उठल्यासुटल्या हात वर करायची म्हणून तिचं नाव शंका पडलं होतं. तिचा हात वर गेला.

"सर, पण विशाल म्हणजे मोठा ना?"

"प्रश्न विचारला आहे का मी?" मोठे सर गरजले. "व्याख्या पाठ करायची असते, तिच्याशी भांडायचं नसतं. उभी राहा."

ती उभी राहिली आणि तिने जावईसरकडे पाहिलं. शहाण्या मुलांची नजर फार वाईट असते. ती काही मागत नाही, नुसती विचारते. जावईसर कोनमापकावरच्या रेघा मोजू लागला. तास संपेपर्यंत त्याने मान वर केली नाही.

त्या दिवशी बायको घरी येईपर्यंत त्याने कसाबसा दम धरला. ती आल्या आल्या त्याने सगळं सांगितलं, स्वयंपाकघरात, हलक्या आवाजात. तिने पाण्याचा ग्लास भरला आणि प्यायलीच नाही. बोलल्या त्या सासूबाई. त्या दारात कधी येऊन उभ्या राहिल्या ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"पहिल्यांदा नाही झालं हे," त्या म्हणाल्या. "गेल्या पावसाळ्यापासून चाललंय. आधी अपूर्णांकांत घोळ झाला. मग एकदा घरी येताना वाट चुकले, फार्मासिस्ट घेऊन आला सोडायला. मी म्हणून खाली बसते."

"म्हणजे तुमचा खोकला..." जावईसर म्हणाला.

"मला कसला खोकला होतोय! गाडी रुळावरून घसरली की खोकते. त्यांना कळतं, ते सावरतात. आज नाही सावरले."

जावईसरने त्या खोकल्यासाठी औषधाच्या बाटल्यांमागून बाटल्या आणून दिल्या होत्या. सासूबाईंनी मुकाट्याने त्या घेतल्या होत्या.

"डॉक्टरांना दाखवायला हवं, आई," बायको म्हणाली.

"दाखवलंय. ते म्हणाले, वाढत जाणार. फळा काढून घेतला तर आणखी भराभर वाढणार." सासूबाई जावयाकडे वळल्या. पदराला हात पुसत होत्या, हात कोरडेच होते. "जावईबापू, तुम्ही आहात म्हणून मी अजून उभी आहे. चारचौघांत त्यांचं हसं होऊ देऊ नका. मुलांना मागाहून तुम्ही बरोबर सांगा. होईल ना तेवढं?"

आता यावर माणसाने काय म्हणायचं? तो म्हणाला, "होईल, आई."

रविवारी जेवणं झाली. मोठ्या सरांनी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं हातात घेतलं. नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं आणि आधी तिने नजर खाली केली की त्याने, हे पुढे दोघांनाही सांगता आलं नसतं.

सोमवारपासून जावईसरची उजळणी लांबली. मोठे सर चहाला वर गेले की तो बाक मागे सरकवायला लावी आणि मुलांना उभं करी. फळ्याला तो अजूनही हात लावत नसे. त्याने मुलांचेच हात कामाला लावले.

"खांदा हा शिरोबिंदू, हात ही भुजा. दोन्ही हात समोर, चिकटवून. हा शून्य कोन. आता एक जरासा वर. थंडीत अंग चोरून बसलेला असतो ना माणूस, तसा हा लघुकोन. अजून वर, अजून... थांबा! हात सरळ आभाळाकडे. हा काटकोन, कडक इस्त्रीचा. आता हात मागे झुकू दे. जेवून पाय पसरून बसलेले काका पाहिलेत? तो विशालकोन."

"आमचे आजोबा!" कोणीतरी ओरडलं.

"आजोबा तर आजोबा. आणि पार आडवे झाले की?"

"सरळकोन!"

"आता त्याच्याही पलीकडे. हात जात नाही? मग अख्खे वळा. तो प्रविशाल कोन. त्याला वळसा घालावाच लागतो."

मुलं खिदळत होती, एकमेकांना धडकत होती, आणि जावईसरला त्या काही मिनिटांत विसर पडे की आपल्याला कुठे जायचं होतं. मग शंका जवळ आली आणि हळूच म्हणाली, "जावईसर, म्हणजे मोठे सर चुकले?"

आजूबाजूचा गोंगाट एकदम बसला. सगळे ऐकत होते.

"मोठे सर आपली परीक्षा घेतायत," तो म्हणाला. "त्यांच्यासमोर ते सांगतात तसंच म्हणायचं. पेपरात मी सांगतो तसं लिहायचं. कोणाकडे बोलायचं नाही."

मुलांना गुपित म्हणजे मेजवानी. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकट्या शंकाने डोलावली नाही. "पण खोटं का म्हणायचं?" एवढंच ती म्हणाली आणि दप्तर उचलून गेली.

असे दिवस जाऊ लागले. सकाळी मुलं एका सुरात चुकीचं म्हणत, उजळणीत हात पसरून बरोबर करत. जावईसरला आपण एकाच घरात दोन देवळं चालवतोय असं वाटे. मध्येच सर एखाद्या दिवशी अगदी बरोबर शिकवत, पहिल्यासारखे, मिशीत हसत. त्या दिवशी तर मुलं आणखीच गोंधळत. तंत्रशाळेला फोन करायचा तो आज करू, उद्या करू म्हणत राहिला. करायचा म्हटलं तरी कुठून? घरात कानाकोपरा असा नव्हता की जिथे कोणाचे कान नव्हते. आणि सांगायचं काय, तेही ठरत नव्हतं.

फुटायचं ते शेवटी फुटलंच. वर्गात गालफुगा एक मुलगा होता, त्याला सगळे भोपळा म्हणत; गुणांवरून नव्हे, गालांवरून. त्या बिचाऱ्याच्या डोक्यात कोणासमोर काय म्हणायचं याची सरमिसळ झाली. शाळेच्या चाचणीत त्याने मोठ्या सरांचा विशालकोन लिहिला आणि तेव्हा गुणांतही भोपळा आला. त्याच्या वडिलांचं बुटांचं दुकान होतं. ते भर वर्गात पेपर फडकवत आले, पोराचा दंड धरून.

"सर, तुमच्याकडे मी स्वतः शिकलो," बूटवाले म्हणाले. "म्हणून डोळे मिटून याला पाठवलं. हे कोणी शिकवलं याला? शाळेत बाई हसल्या त्याला."

मोठ्या सरांनी चष्मा लावला, पेपर हातात घेतला आणि ते उत्तर वाचलं. पुन्हा वाचलं.

"कोन मीच शिकवतो," ते म्हणाले. "यात चूक..."

पडद्याआडून खोकला आला. मोठे सर थांबले. त्यांची नजर पेपरावरून उठली आणि वर्गभर फिरली, बाजारात हात सुटलेल्या पोराची फिरते तशी. जावईसरने ती पाहिली मात्र, त्याच्या तोंडून शब्द निघून गेले.

"मी शिकवलं. उजळणी मी घेतो. माझ्याकडून उलटं सांगितलं गेलं."

"तरीच!" बूटवाल्यांनी सुटकेचा श्वास टाकला. "मी हिला घरी म्हटलंच, सरांकडून असं व्हायचं नाही. बसून खाणाऱ्याच्या हातात खडू दिला की दुसरं काय होणार?"

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. मोठे सर सावकाश जावयाकडे वळले. त्यांचा चेहरा पुन्हा ओळखीचा झाला होता. राग म्हणजे त्यांच्या पायाखालची ओळखीची जमीन.

"उद्यापासून उजळणी बंद," ते म्हणाले. "अहो, जे येत नाही ते शिकवू नये माणसाने. एवढं तरी कळायला हवं होतं तुम्हाला. मुलांची क्षमा मागा."

शंका बाकावरून अर्धी उठली होती. जावईसरने तिच्याकडे पाहून मान हलवली. ती बसली आणि तिने डोकं बाकावर टेकवलं.

त्याने मुलांची क्षमा मागितली.

बायकोला हे घरी पोचायच्या आधीच, औषधाच्या दुकानासमोर कळलं. ती तडक गच्चीवर आली. तो टाकीला टेकून उभा होता.

"का घेतलंस अंगावर?"

"मग काय करायचं होतं? त्यांना तिथे उघडं पाडायचं होतं?"

"खरं सांगायचं होतं. वाईट वाटलं असतं, रडारड झाली असती, पण संपलं असतं. आता काय? आता तू कायमचा इथला झालास."

"तुझे वडील आहेत ते. तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मी या घरात जन्मले. शाळेत जायलाही त्या टेबलासमोरून जायचे, कॉलेजात जायलाही. साडी नेसले तरी पोरं बघायची, रडून आले तरी बघायची. तू बाहेरून आलास. मला वाटलं होतं, तुझ्यामागोमाग मलाही बाहेर पडता येईल. तर तू आत येऊन बसलास, ऐसपैस."

खालून मुलांचा सातवीचा तास सुरू झाल्याचा आवाज येत होता, आणि तो संपेपर्यंत दोघांनाही कुठे जायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मुलं यायच्या आधी, मोठ्या सरांनी त्याला खाली बोलावलं.

"दार लोटून घ्या," ते म्हणाले.

फळ्यावर दोन कोन काढलेले होते, हातानेच, पट्टीशिवाय, आणि रेघा अशा सरळ की छापल्यासारख्या. हात काहीच विसरला नव्हता. मोठ्या सरांनी लहान कोनावर खडू टेकवला.

"हा विशाल," ते म्हणाले. मग म्हणाले, "नाही ना?"

"नाही, सर."

"काल तुम्ही खोटं बोललात."

"हो."

"विशाल म्हणजे मोठा. शेंबड्या पोराला कळेल. मला झोपेतून उठल्या उठल्या कळलं. जिना उतरून येईस्तोवर पुन्हा उलटं झालं. मोजा काढताना उलटा होतो ना, तसं." ते पहिल्या बाकावर बसले. मुलांसाठी केलेला बाक. त्यांचे गुडघे वर आले. "तिचा खोकलाही खोटा आहे. इतक्या वर्षांच्या संसारात एवढं कळतं मला. खोकली की मी थांबतो. पण काय चुकलं ते नाही हो कळत. नुसता उभा राहतो. पोरांना वाटतं, सर विचार करतायत."

जावईसर फडकं हातात घेऊन उभा होता. फळा पुसावा की नाही, ते त्याला समजेना.

"मला शिकवा," मोठे सर म्हणाले.

"सर, मी तुम्हाला काय..."

"त्या पोरांना हात पसरून शिकवत होतात तसं. मी जिन्यावरून ऐकलंय. चांगलं शिकवता. कोणाकडून उचललंत?"

"कोणाकडून नाही."

"असू दे. करा सुरू."

मग जावईसरने त्यांना उभं केलं. दोन्ही हात समोर चिकटवायला लावले. खांदा शिरोबिंदू, हात भुजा. एक हात जरासा वर, लघुकोन. मोठे सर प्रत्येक शब्द पुटपुटत होते. हात आभाळाकडे, काटकोन. म्हाताऱ्या खांद्यातून कट्कन आवाज आला. हात मागे झुकवला, अजून थोडा.

"हा विशालकोन, सर. नव्वदपेक्षा मोठा."

"नव्वदपेक्षा मोठा," मोठे सर म्हणाले. हात तसाच मागे झुकलेला, दुसरा समोर. आणि तशाच अवस्थेत ते म्हणाले, "आणखी एक सांगायचं राहिलं. तुमचा फोन आला होता. टेबलावर चार्जिंगला होता, मी उचलला. कुठल्याशा तंत्रशाळेतून. कधी रुजू होताय, विचारत होते."

जावईसरने खिशातला फोन चाचपला.

"तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, ते येणार नाहीत. त्यांना इथे काम आहे."

"कधी? कधी आला होता फोन?"

"ते नाही आठवत. काल असेल, मागच्या आठवड्यात असेल. तुमच्या सासूबाईंनाही नाही सांगितलं. पण मी तसं म्हटलं, हे आठवतंय. बाकी सगळं निसटतं, हे मेलं निसटत नाही."

जावईसरला वाटलं, ओरडावं. टेबल उलथून टाकावं, दार उघडून जे चालत सुटावं ते तंत्रशाळेच्या फाटकातच थांबावं. इतक्या वर्षांत त्याला कधी या माणसाचा असा राग आला नव्हता. आणि समोर तो माणूस हात मागे टाकून, दम खात उभा होता. खांदा थरथरत होता त्यांचा, पण शिकवणाऱ्याने 'पुरे' म्हटल्याशिवाय हात खाली घ्यायचा नसतो, हा नियम त्यांनीच घालून दिलेला. तो नियम ते विसरले नव्हते.

"हात खाली घ्या, सर," जावईसर म्हणाला.

दारावर टकटक झाली. "सर, येऊ?" बाहेर मुलांचा कालवा सुरू झाला होता. मोठ्या सरांनी स्वतः दार उघडलं. मुलं आपापल्या जागी बसली तेव्हा ते फळ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "विशालकोन मी चुकीचा सांगितला होता. यांनी नाही. माझं हल्ली चुकतं. आजपासून फळा यांचा. बूटवाल्यांच्या पोरा, हे घरी जाऊन शब्द न शब्द सांग." आणि त्यांनी खडू जावयाच्या हातात दिला.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. शंका सगळ्यात जोरात वाजवत होती. जावईसरने खडू घेतला; बाहेरून कोणीतरी कडी सरकवावी तसं त्याला झालं.

तंत्रशाळेला त्याने त्याच दुपारी, रस्त्यावर जाऊन फोन केला. तुमच्याकडून नकार आला म्हणून आम्ही दुसऱ्याला घेतलं, असं तिथल्या कारकुनाने फार गोड शब्दांत सांगितलं.

बायकोला त्याने हे सांगितलं तेव्हा ती आधी हसली आणि मग बराच वेळ तिला हसू आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. काही आठवड्यांनी तिने गच्चीवरच त्याला सांगितलं की परगावच्या मोठ्या दवाखान्यात तिने अर्ज केला होता आणि तिला बोलावणं आलं आहे.

"तू येशील?" तिने विचारलं.

"येईन म्हटलं तर इथे कोण..."

"माहीत होतं. तरी विचारलं." ती त्याच्या शर्टाच्या बाहीवरची खडूची धूळ झटकत राहिली. "मी थांबले तर तुझा राग राग करीन. बाबांचाही. दोघांपैकी एकाने तरी सुटावं. दर रविवारी येईन मी."

"जा तू," तो म्हणाला. आणि त्याला नवल वाटलं, की हे त्याने मनापासून म्हटलं होतं.

गावात मग जी काही चर्चा व्हायची ती झाली. लोकांच्या लेकी सासरी जातात आणि जावई आपापल्या घरी असतात. या घरातली लेक परगावी गेली आणि जावई सासू-सासऱ्यांपाशी राहिला. बूटवाल्यांनी यावर दुकानात बसून विनोद केले. तरी आता ते 'जावईसर' म्हणताना आवाज जरा खाली आणत.

मोठ्या सरांना तो रोज सकाळी शिकवी. काही दिवस नीट जात, काही दिवस पुन्हा शून्य कोनापासून. सासूबाईंनी पडद्याआड बसणं सोडलं. त्या आता पहिल्या बाकावर, नवऱ्याशेजारी बसत आणि त्याही हात वर-खाली करत.

बायको जायची होती त्या दिवशी तास चालूच होता. तिने आईला मिठी मारली, बाबांच्या पायाला हात लावला. मोठ्या सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पाठवणीत म्हणावं तसं म्हणाले, "सुखी राहा." मुलांनी आपणहून बाक सरकवून तिच्या बॅगांना वाट करून दिली. जावईसर मुलांना उदाहरणं देऊन, एक बॅग उचलून तिच्याबरोबर थांब्यापर्यंत गेला.

बस आली. ती खिडकीशी बसली आणि काच खाली करायला धडपडू लागली. काच अडकली होती. ती आतून काहीतरी बोलली, ते त्याला ऐकू आलं नाही. त्याने हात हलवला. बस वळणावर दिसेनाशी होईस्तोवर थांबावं, असं त्याच्या फार मनात होतं. पण वर्गात मुलं होती आणि त्यांच्यापाशी एकटे मोठे सर होते. तो अर्ध्यातच वळला आणि भराभर चालू लागला.